अभ्यास दे, पण सकाळी वाचून होईल तेवढाच

चि. पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. डी.एड.च्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या दिवसांत, माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून निरीक्षण वही भरणारी तू आता स्वतः पहिली आणि तिसरी सांभाळतेस, तेही आष्टीकडच्या दोनशिक्षकी शाळेत. वाचून फार बरं वाटलं. शिक्षण सेवकाच्या महिना १६,००० रुपये मानधनात खोलीभाडं आणि घरी पाठवायचे पैसे कसे बसवतेस ते मात्र लिहिलं नाहीस. पुढच्या खेपेला लिही. आज घरच्या अभ्यासाचंच बोलू.

तुझी तक्रार अशी की पोरं अभ्यास करून आणत नाहीत. पालकांची तक्रार अशी की मॅडम अभ्यासच देत नाहीत. एकाच वर्गाबद्दल दोन्ही तक्रारी येतात, त्यात नवल काही नाही. मी तुला दोनच अटी सांगतो. सकाळी तुला वाचून होईल तेवढाच अभ्यास द्यायचा, आणि पोराला कुणाच्या मदतीशिवाय करता येईल असाच द्यायचा.

पहिलीला तर देऊच नकोस. हे माझ्या मनचं नाही. १९९३ साली दप्तराच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या यशपाल समितीने सांगून ठेवलंय की प्राथमिकच्या मुलांना गृहपाठ नको, द्यायचाच तर घरच्या परिसरात काही शोधायला, बघायला लावणारा द्या. २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास. म्हणजे तुझ्या तिसरीच्या वाट्याला रोजची वीस मिनिटं आली. वीस मिनिटांत आठ वर्षांचं पोर काय करू शकतं, ते एकदा वर्गातच घड्याळ लावून बघ. चार गणितं आणि चार ओळी, एवढंच होतं. तू वीस गणितं देतेस. चौदा पोरं, वीस गणितं, म्हणजे २८० उत्तरं. परिपाठ, हजेरी, पोषण आहाराची नोंद, त्यात केंद्रशाळेतून आलेली कुठली तरी माहिती 'तात्काळ' भरायची. २८० उत्तरं तू कधी वाचणार? मग होतं काय, की वहीवर लाल बरोबरची खूण, खाली सही, आणि तारीख. पोरांना हे आठवड्याभरात कळतं. बाई वाचत नाहीत, फक्त पान भरलंय का ते बघतात, हे ज्याला कळलं तो पान भरायला शिकतो.

पान भरायची युक्ती तुला ठाऊक असेलच, नसेल तर उद्या बघ. 'आकाश' हा शब्द दहा वेळा लिहा म्हणून सांग. निम्मी पोरं आधी वरपासून खालपर्यंत दहा 'आ' लिहितील, मग शेजारी दहा 'का', मग दहा 'श'. शब्द एकदाही लिहिला गेला नाही, वाचलाही गेला नाही, पान मात्र सुबक भरलं. त्यापेक्षा आज धड्यात आलेले तीन शब्द घेऊन स्वतःचं एकेक वाक्य लिहून आण म्हणावं. वाक्य वाकडं येईल, वेलांट्या चुकतील. तरी ते त्याचं असेल, आणि ते वाचताना तुलाही जांभई येणार नाही.

आता गणित. इथे जरा थांबून वाच, कारण तू पाठवलेल्या वहीच्या फोटोत मला जे दिसलं ते तुझ्या नजरेतून निसटलंय. ५२ वजा २७. पाच पोरांनी ३५ लिहिलंय आणि तू पाचही ठिकाणी फुली मारून खाली 'हातचा नीट घ्या' लिहिलंस. पण ३५ दोन वाटांनी येतं. एक पोर म्हणतं, दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढू, पाच, पाचातून दोन, तीन, झाले पस्तीस. या पोराला दशक सोडवणं म्हणजे काय तेच कळलेलं नाही. दुसरं पोर नीट दशक सोडवतं, बारातून सात काढून पाच लिहितं, आणि डावीकडे पाचाचे चार झालेत हे विसरतं. पाचातून दोन गेले, तीन. याचंही उत्तर पस्तीस. पहिल्याला दहा-दहा काड्यांच्या गठ्ठ्यांकडे परत न्यायला हवं, रबर काढून गठ्ठा सुटा करायला लावायला हवा. दुसऱ्याला फक्त पाचावर काट मारून वर चार लिहायची सवय लावायची आहे. दोघांनाही तू एकच शेरा दिलास. पहिल्याला तो कळला नाही, दुसऱ्याला त्याचा उपयोग झाला नाही.

म्हणून गणितं निवडताना असं बघायचं की चुकीचं उत्तरसुद्धा काही सांगून जाईल. २७ च्या जागी २८ घे. ५२ वजा २८. थोरल्यातून धाकटा काढणाऱ्याचं उत्तर ३६ येईल, दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ३४ येईल, आणि ज्याला जमलं त्याचं २४. आकडा बघताक्षणी तुला कळेल कोण कुठे अडलंय. अशी चार गणितं पुरेत. ती आदल्या दिवशी पाठाचं टाचण काढतानाच ठरवून ठेव. पुस्तकातल्या सरावसंचातली सरसकट 'एक ते वीस' देऊन मोकळं होणं सोपं असतं, पण त्या विसांतली बरीच एकाच जातीची असतात.

आणखी एक. तू गणितं तोंडी सांगतेस आणि पोरं उतरवून घेतात, असं लिहिलंस. मग सत्तावीस म्हटल्यावर ७२ लिहिणारं पोर वजाबाकीत चुकलं की लिहून घेण्यात, ते आधी बघ. आपल्या मराठीत सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. एकोणपन्नासला ५९ लिहिणारी तर प्रत्येक वर्गात सापडतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' अशी जोड दिली तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी फार थोडे दुसरीच्या वर्गात खडू घेऊन उभे राहिले असतील. माझं मत विचारशील तर दोन्ही सांग, आणि अभ्यासाची गणितं फळ्यावर लिहून दे.

आता सकाळचं. तुझ्यापुढे एकाच वेळी दोन वर्ग आहेत, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं पहिलीला चिंचोके आणि अंककार्डं देऊन बसव आणि तिसरीला वह्या उघडून गोलात बसव. तू टेबलावर वह्या मागवू नकोस. टेबलावर वहीच येते, पोर येत नाही. तू गोलातून फिर. चौदाच्या चौदा वाचून होत नसतील तर आज सात, उद्या सात. फिरताना बोलायचं एकच, 'हे कसं केलंस, सांग बरं.' बरोबर उत्तरवाल्यालाही विचार, नाहीतर बाईंनी विचारलं म्हणजे आपलं चुकलं असं पोरं धरून चालतात. मग त्यातलं एक चुकलेलं गणित नाव न घेता फळ्यावर मांड आणि सगळ्यांना विचार की हे करणाऱ्याने काय विचार केला असेल. पोरं अशा वेळी इतकी नेमकी बोलतात की तुझा दिवसाचा पाठ तिथेच ठरतो. तुझं टाचण थोडं मागेपुढे होईल. होऊ दे.

घरी कुणी मदत करत नाही, हे तू अडचण म्हणून लिहिलंस. मला त्यात सोय दिसते. ज्या पोराची वही सातवीतल्या बहिणीने रात्री बरोबर करून दिली, त्याचं काय अडलंय ते तुला कळायचा मार्गच बंद झाला. शिकवणं हे शाळेतलं काम, ते तिथेच पुरं व्हायला हवं. घरी जायचं ते जमलेलं हात बसण्यापुरतं. म्हणून पालकांना सांगून ठेव, चुकलं तर चुकू द्या, पुसून नीट करून देऊ नका.

लिहिण्यापलीकडचाही अभ्यास असतो, आणि तिसरीला तो फार गोड लागतो. दूध घालायला जाणाऱ्याला डेअरीच्या पावतीवरचे सकाळचे आणि संध्याकाळचे लिटर उतरवून आणायला सांग. कुणाला आजीला विचारून यायला सांग की गावात पूर्वी कोणती पिकं होती आणि आता कोणती दिसत नाहीत. कुणी किराणा दुकानातल्या पाच वस्तूंचे भाव आणेल. दुसऱ्या दिवशी सगळं फळ्यावर घे. भाव आले की बेरीज, वजाबाकी, सुट्टे पैसे, सगळं त्यातूनच निघतं, आणि सहसा गप्प बसणारं पोर आजीची हकीकत सांगायला पुढे येतं. ज्याच्या घरी लिहिता-वाचता येणारं कुणी नाही त्याची या अभ्यासात अडचण होत नाही, उलट त्याच्याच आजीकडे सांगण्यासारखं जास्त निघतं.

न करून आणणाऱ्याचं काय, हा तुझा सरळ प्रश्न. कान धरून उभं करणं, उठबशा, वर्गाबाहेर बसवणं यांना शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मनाई करतं, शारीरिक शिक्षेलाही आणि मानसिक त्रासालाही. पण कायदा बाजूला ठेव. तुझ्या पट्ट्यात पोर शाळेतून सुटतं ते कसं सुटतं, ते बघ. अभ्यास झाला नाही म्हणून एक दिवस दांडी. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा अभ्यास साचला म्हणून पुन्हा दांडी. तिसऱ्या दिवशी आई म्हणते, राहा घरी, धाकट्याला सांभाळ. त्यामुळे करून न आणणाऱ्याला विचारायचं एकटं गाठून, 'जमलं नाही, का वेळ मिळाला नाही?' जमलं नसेल तर पुढची दहा मिनिटं तुझी. वेळ मिळाला नसेल, आणि पोरींच्या बाबतीत बहुतेक हेच निघतं, तर पोषण आहाराच्या सुट्टीनंतर व्हरांड्यात दोघीतिघींना एकत्र बसवून ती चार गणितं करून घे. दप्तर शाळेत ठेवून गेली तरी चालेल.

पालकांचं म्हणशील तर त्यांच्या डोळ्यांपुढे व्हॅनमधून जाणारी इंग्रजी शाळेची पोरं असतात. त्यांचं दप्तर जड, वह्या भरलेल्या, म्हणून ती शाळा चांगली. भरलेली वही हे एकच माप त्यांच्या हातात आहे. तू त्यांच्याशी धोरणाची भाषा बोलू नकोस. पालक सभेला आलेल्या प्रत्येकासमोर त्याच्या पोराला पुस्तकातला न शिकवलेला उतारा वाचायला लाव. आई ऐकते, मग वहीच्या पानांचं बोलत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला मात्र सगळ्यांसमोर उभं करू नकोस. त्याच्या आईशी वेगळं बोल, आणि गोष्ट खरी सांग. माता पालक गट तुमच्याकडे कागदावरच असेल तर चार बायांपासून सुरू कर. 'आज शाळेत काय वाचलं ते मला सांग' एवढं रोज विचारायला अक्षरओळख लागत नाही. आणि अभ्यास व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं आजपासून बंद. घरातला फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप रात्री नवाला घरी येतो.

आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले आणि वह्या रिकाम्या का म्हणाले, तर घाबरायचं काही कारण नाही. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकता-शिकता चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या आठ तंत्रांत स्वाध्याय हे एक, आणि तिथेही वर्गकार्य त्याच्या जोडीला आहे. पहिलं तंत्र दैनंदिन निरीक्षण आहे. त्याच्या नोंदी ठेव. 'प्रगती समाधानकारक' असल्या नोंदी नकोत. '५२ − २८ ला ३६ लिहिलं, गठ्ठे दिल्यावर जमलं' अशी नोंद. अशी पंधरा-वीस पानं पुढे ठेवलीस तर बघणारा माणूस कामाचा असेल तर खूश होईल. कामाचा नसेल तर सह्या करून चहा घेऊन जाईल, आपलं काय बिघडतं?

एक काम मात्र लगेच हाती घे. दसऱ्यानंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन साखर कारखान्याला जायला लागतील, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतायच्या नाहीत. तुझ्या तेवीस पोरांपैकी कोण आईबापांबरोबर जाणार, कोण आजीपाशी राहणार आणि हंगामी वसतिगृह मंजूर झालं तर कोण त्यात राहील, याची यादी टोळीच्या मुकादमाला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाला विचारून आत्ताच कर. वसतिगृहाचा प्रस्ताव त्या यादीवरच जातो. जाणाऱ्यांची शिक्षण हमी कार्डं वेळेत भर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या शाळेत त्यांना बसता येईल. राहणाऱ्यांची संध्याकाळ मोठी असते, त्यांना गोष्टीची पुस्तकं घरी नेऊ दे, फाटली तरी चालतील. यादी झाली की फोन कर. टोळीबरोबर जाणाऱ्या पोरांच्या पिशवीत काय घालायचं ते तेव्हा बसून ठरवू.

तुझा,
सर