आधी पैसे मागणारा एजंट नेमका कुणाचा? बालकलाकारांच्या पालकांचे प्रश्न

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला मॉलमध्ये एका बाईंनी पाहिलं आणि माझा नंबर घेतला. दोन दिवसांनी एका हॉटेलच्या हॉलमध्ये ऑडिशन झाली, संध्याकाळी ‘सिलेक्ट झाली’ असा फोन आला. आता ३५,००० रुपयांचा पोर्टफोलिओ करायला सांगतात, आज भरले तर २५,०००. भरावेत का? (एक आई, नाशिक)

भरू नका. आधी एकच विचारा : ही ऑडिशन कशासाठी होती? कुठली जाहिरात किंवा मालिका, कुठलं पात्र, शूटिंग कधी? खऱ्या ऑडिशनमागे ठरावीक काम असतं आणि त्या कामासाठी एक किंवा दोन मुलं लागतात. ‘आमच्या एजन्सीत सिलेक्शन झालं’ याला काम म्हणत नाहीत. हॉल दिवसभरासाठी भाड्यानं घ्यायचा, पन्नास-साठ मुलं बोलवायची आणि बहुतेक सगळी निवडायची, असा हा धंदा आहे. तिथे विकायला असतो फोटोंचा अल्बम, आणि गिऱ्हाईक असतात आईवडील. सवलतीची घाईही त्याचाच भाग. या क्षेत्रात खरी घाई असतेच, ‘उद्या सकाळी सहाचा कॉल आहे’ अशी. पण ती शूटिंगच्या तारखेची घाई असते.

शिवाय या वयात महागडा पोर्टफोलिओ निरुपयोगी ठरतो. दुधाचे दात पडतात, उंची वाढते, चार-सहा महिन्यांत चेहराच बदलतो. निवडणाऱ्याला आजची मुलगी बघायची असते. मेकअप आणि झगमगीत कपडे घालून काढलेले फोटो तर सरळ बाजूला पडतात, कारण त्यात मूल दिसतच नाही.

घरच्या फोनवर पाच फोटो काढा : चेहरा जवळून (एक हसरा, एक साधा), डावी बाजू, उजवी बाजू आणि डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण. दिवसा खिडकीजवळ, मागे मोकळी भिंत, अंगात एकरंगी टीशर्ट, फिल्टर नाही. त्याबरोबर फोन आडवा धरून तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात नाव, वय, उंची, शहर आणि येणाऱ्या भाषा ती स्वतः सांगेल. पाठ केलेला संवाद नको, काल शाळेत काय झालं ते सांगू दे. मात्र शाळेचं नाव, गणवेश, घराचा पत्ता आणि आंघोळीचे किंवा पोहण्याच्या कपड्यांतले फोटो कुणालाही पाठवायचे नाहीत. दर चार महिन्यांनी हा संच नवा करा. खर्च शून्य.

प्रश्न : कास्टिंग डायरेक्टर, को-ऑर्डिनेटर, एजन्सी यांत फरक काय? आणि कमिशन किती द्यायचं? (एक वडील, कोल्हापूर)

फरक पैसा कुठून येतो त्यावरून ओळखावा. कास्टिंग डायरेक्टरला निर्माता पैसे देतो. तो निर्मात्यासाठी कलाकार शोधतो, म्हणून त्यानं पालकांकडून ऑडिशनची फी किंवा ‘रोल पक्का करायचे’ पैसे मागितले तर तिथेच थांबावं. को-ऑर्डिनेटर मध्ये उभा असतो. त्याच्याकडे मुलांच्या प्रोफाइल असतात, प्रॉडक्शन हाऊसकडून मागणी आली की तो त्या पुढे पाठवतो, आणि काम मिळालं की मानधनातून कमिशन घेतो. मुंबईत मुलांची बरीच कामं याच वाटेनं होतात. एजन्सी किंवा मॅनेजर कलाकारातर्फे बोलणी करतात, करार वाचतात आणि मानधन वसूल करून देतात. त्यांचंही कमिशनच.

तेव्हा तुमचा माणूस मुलानं कमावलं तरच कमावतो. त्यानं आधीच तुमच्याकडून कमावलं असेल, तर मुलाला काम मिळवून देण्याची त्याला गरज उरत नाही. लबाडीचा भाग बाजूला ठेवला तरी हिशेब असाच आहे.

कमिशनचा कायद्यानं ठरलेला दर आपल्याकडे नाही. साधारण १० ते २० टक्के मागतात, जाहिरातींत कधी २५. टक्क्यापेक्षा तो कशावर धरायचा हे आधी लिहून घ्या. आकडेमोडीपुरतं उदाहरण घ्या : दिवसाला ५,००० प्रमाणे बारा दिवसांचे ६०,०००. त्यातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर), ६,०००. मुलाच्या नावची मुदत ठेव २० टक्के, १२,००० (हिच्याबद्दल पुढे). कमिशन १५ टक्के, ९,०००. एजन्सी जीएसटीत नोंदलेली असेल तर त्या कमिशनवर १८ टक्के, म्हणजे १,६२०. घरी येतात ३१,३८०. हा हिशेब आधी न केल्यामुळे पालकांना वाटतं फसवलं, आणि खरंच फसवणारा याच गोंधळाचा फायदा घेतो. पैसे कधी येणार हेही विचारून ठेवा. मालिकांत ९० दिवसांनी पैसे येणं नेहमीचं आहे. त्याला बुडवणं म्हणत नाहीत, पण तारीख कागदावर हवी.

मुंबईत ओळख नसेल तर गावातल्या बालनाट्य शिबिरापासून सुरुवात करावी. राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्था चालतील. मराठी चित्रपटांसाठी मुलं शोधणारे शाळांत आणि अशा संस्थांत येतात, आणि तिथल्या ताईंना कुठला को-ऑर्डिनेटर पैसे वेळेवर देतो हे ठाऊक असतं.

प्रश्न : एका मोठ्या वाहिनीच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. मुलगा शॉर्टलिस्ट झालाय म्हणे, पण आर्टिस्ट कार्डचे ४,५०० आणि कॉस्च्यूमचं परत मिळणारं डिपॉझिट ८,००० आधी भरायचं. खरं कसं ओळखावं? (एक पालक, सोलापूर)

हे खोटं आहे. ऑडिशन द्यायला कसलंही कार्ड लागत नाही. कलाकारांच्या संघटना खऱ्या आहेत, पण त्यांचं सदस्यत्व व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड पाठवून मिळत नाही. कॉस्च्यूम निर्मात्याचा असतो. फार तर ‘घरून दोन साधे शर्ट आणा’ असं सांगतात. आणि ‘परत मिळणारं’ हा शब्द पैसे काढून घेण्यासाठीच योजलेला असतो.

पुढच्या वेळी असं तपासा. ज्या नावानं मेसेज आलाय त्या वाहिनीचा किंवा निर्मितीसंस्थेचा नंबर स्वतः शोधून फोन करा. मेसेजमधल्या नंबरवर ‘खात्री’ करून घेतलीत तर उत्तर देणारा तोच भामटा असतो. को-ऑर्डिनेटरला विचारा, गेल्या वर्षभरात कुठल्या कामात कुठली मुलं दिली. आणि त्यांतल्या दोन पालकांशी तुम्ही निवडून बोला. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव, स्थापनेचं वर्ष आणि संचालक दिसतात. पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते कळतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ नं होते. नोंदणी म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे, फसवणारेही नोंदणी करतात. पण लेटरहेडवर एक नाव, जीएसटीवर दुसरं आणि पैसे तिसऱ्याच्याच वैयक्तिक खात्यात, असं दिसलं की पुढे तपासायची गरज नाही.

आणि सेलिब्रिटीबरोबरचा फोटो हा पुरावा नाही. कार्यक्रमाच्या दारात उभं राहिलं की कुणालाही मिळतो.

प्रश्न : ऑडिशनला पालकांना बाहेर बसवतात. हे बरोबर आहे का? (एक आई, ठाणे)

बऱ्याचदा योग्य कारणानं बसवतात; आई समोर असली की मूल कॅमेऱ्याऐवजी तिच्याकडे बघतं. पण बाहेर म्हणजे दाराशी. जागा ऑफिस किंवा स्टुडिओ हवी, आणखी मुलं-पालक हजर हवेत, संवाद तुम्ही आधी वाचलेला हवा. हॉटेलची खोली, कुणाचा फ्लॅट, मुलाशी एकट्यानं व्हिडिओ कॉल, कपडे बदलून दाखवायला सांगणं : यातलं काहीही आलं की उठून घरी यायचं. समजावत बसायचं नाही.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला मालिकेत काम मिळतंय. एजन्सी म्हणते, परवानगीबिरवानगी आम्ही बघतो, तुम्ही फक्त सह्या करा. करारात पाच वर्षं फक्त त्यांच्याकडेच काम आणि मानधन त्यांच्याच खात्यात असं आहे. (एक वडील, पुणे)

दोन गोष्टी एकात अडकल्या आहेत, वेगवेगळ्या करू.

आधी कायदा. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रपट, मालिका, जाहिरातीत काम करता येतं, ते काही अटींवर. दिवसाला पाच तासांहून जास्त नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग २७ दिवसांहून जास्त काम नाही. शिक्षण तुटू नये याची सोय निर्मात्यानं करायची. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम नाही. आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के निर्मात्यानं थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावच्या मुदत ठेवीत टाकायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा. ही रक्कम एजन्सीच्या खात्यातून फिरून येऊ शकत नाही.

परवानगी निर्मात्यानं काढायची, आणि जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांकडून. फिल्मसिटी मुंबई उपनगर जिल्ह्यात, मीरा रोड आणि घोडबंदर ठाण्यात, नायगाव पालघरमध्ये. सेट हलला आणि जिल्हा बदलला की परवानगीचा प्रश्न पुन्हा येतो. अर्जाबरोबर निर्मात्याचं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि सुरक्षेसाठी जबाबदार माणसाचं नाव जातं. हमीपत्र सहा महिने चालतं. यातली संमती तुमची आहे, म्हणून ‘फक्त सह्या करा’ चालणार नाही. भरलेल्या अर्जाची आणि मिळालेल्या परवानगीची प्रत मागा. वय वाढवून लिहायला सांगितलं, तर कामाच्या तासांची मर्यादा चुकवायचा बेत आहे असं समजा.

आता करार. भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाशी केलेला करार त्याच्यावर बंधनकारक होत नाही, म्हणून एजन्सी सही तुमची घेते. नुकसानभरपाईचं कलम असेल तर ते तुमच्यावर येईल. मुलाला नंतर काम नकोसं झालं तर काय, हे त्यात लिहून घ्या. पाच वर्षं फार झाली. नऊ वर्षांचा मुलगा तोवर चौदाचा होईल, आवाज फुटलेला असेल. एक वर्ष, आणि सहा महिन्यांत काम न मिळाल्यास तीस दिवसांच्या नोटिशीनं बाहेर पडता येईल, इतकंच द्या. ‘फक्त त्यांच्याकडेच’ मध्ये शाळेचं नाटक, स्पर्धा आणि तुम्ही स्वतः मिळवलेली कामं येणार नाहीत असं लिहून घ्या. सर्व व्यवहारांचं कुलमुखत्यारपत्र देऊ नका. जाहिरात असेल तर ती किती महिने, कुठल्या माध्यमांत, कुठल्या देशांत दाखवणार हे कागदावर यायलाच हवं. तो काळ संपल्यावर ती पुन्हा दाखवली तर वेगळे पैसे. एका बिस्किटाच्या जाहिरातीनंतर दुसऱ्या बिस्किटाची जाहिरात किती काळ करता येणार नाही, तेही.

मानधन मुलाच्या खात्यातच यावं, एजन्सीनं कमिशनचं बिल नंतर द्यावं. त्यासाठी मुलाचं पॅन कार्ड काढा, अज्ञान मुलांनाही ते मिळतं. पॅन नसेल तर टीडीएस २० टक्के कापला जातो. पॅन असलं की आयकराच्या पोर्टलवर कुणी किती दिले ते दिसतं, आणि ‘निर्मात्यानं कमीच दिले’ ही थाप चालत नाही. मुलानं स्वतःच्या कौशल्यानं मिळवलेलं मानधन त्याचंच उत्पन्न धरतात. ठेवीवरचं व्याज मात्र आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. तुमच्या सीएला हे आधी सांगा.

प्रश्न : आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. दहा वर्षांच्या मुलीसाठी इथे एजंट बघतोय. (एक आई, कॅलिफोर्निया)

सगळ्यात आधी व्हिसा. मुलगी एच-४ वर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) असेल तर तिला पैसे घेऊन काम करता येत नाही, एजंट काहीही म्हणो. तिथे जन्मलेली किंवा ग्रीन कार्डवर असेल तर पुढचं वाचा. कॅलिफोर्नियात टॅलेंट एजन्सीला राज्याच्या लेबर कमिशनरचा परवाना लागतो, तो ऑनलाइन तपासता येतो. काम मिळवून देण्याच्या नावाखाली आगाऊ फी घेणं तिथे बेकायदा आहे. एजंटचं कमिशन साधारण १० टक्के. मुलीला सहा महिने चालणारं वर्क परमिट लागतं. एकूण कमाईतले १५ टक्के कूगन खात्यात, म्हणजे मुलाच्या नावच्या राखीव खात्यात जातात. जॅकी कूगन या बालकलाकाराची कमाई घरच्यांनीच उडवली, त्यानंतर १९३९ मध्ये हा कायदा झाला. आपल्याकडची २० टक्क्यांची तरतूद त्याच जातीची.

प्रश्न : १८,००० रुपये भरून बसलो. आता नंबर बंद आहे. (एक वडील, छत्रपती संभाजीनगर)

आत्ता १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. ज्याच्या खात्यात पैसे गेले तिथेच ते गोठवायचा प्रयत्न होतो, म्हणून तास मोजावे लागतात. पुढच्या खात्यांत वाटले गेले की अवघड होतं. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. मात्र स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक आपणहून परत करत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसू द्या. रोख दिले असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यायची फिर्याद) मागा. संस्था खरोखर अस्तित्वात असेल आणि पावती असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ चाही उपयोग होतो.

मुलाचे कोणते फोटो त्यांच्याकडे गेले याची यादी करा. त्यांतला एखादाही आक्षेपार्ह असेल, किंवा कुणी मुलाशी लगट केली असेल, तर तो पैशांचा मामला राहत नाही, तो पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचा, गुन्हा ठरू शकतो. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा पोलीस, लगेच. आणि थोड्या दिवसांत ‘तुमचे पैसे काढून देतो, फक्त २,००० प्रोसेसिंग फी’ असा फोन येण्याची शक्यता असते. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात.