दाताच्या मुळाशी दाह, सूज की शोथ?

प्रश्न असा: दातांच्या मुळांभोवती इन्फ्लमेशन (जंतू किंवा इजेला शरीर देतं ती प्रतिक्रिया) होतं तेव्हा रोगप्रतिकारक पेशी काय करतात, यावरच्या लेखात 'दाह' लिहावं, 'सूज' की 'शोथ'?

माझं मत शोथला. मराठीत दाह पोटात होतो, डोळ्यांत होतो, लघवी करताना होतो. म्हणजे आग होते. दाढेची आग होते असं कुणी म्हणत नाही, ती ठणकते. त्यातही कीड खोलवर जाऊन नस मेली की मुळाच्या टोकाशी जंतूंचा त्रास महिनोन् महिने मुकाट चालू राहू शकतो. ठणका नाही, गालही सुजत नाही. एक्स-रेत टोकापाशी काळपट गोल डाग दिसतो तेव्हा पत्ता लागतो. अशा रुग्णाला 'दाह' किंवा 'सूज' वाचून वाटणार, हे काही आपल्याबद्दल नाही.

'शोथ'चा मूळ अर्थही फुगणंच, आणि आयुर्वेदात अंगावर पाणी चढून आलेली सूजसुद्धा शोथच. पण संधिशोथ (आर्थ्रायटिस), यकृतशोथ (हिपॅटायटिस) यांमुळे तो परिभाषेत रुळलाय. रोजच्या बोलण्यात नाही, हा इथे त्याचा गुण: तुम्ही सांगाल तोच अर्थ वाचक घेईल.

जुना संदर्भ देणार असाल तर एक जपा. सुश्रुतसंहितेत 15 दंतमूलगत रोग आहेत. त्यातल्या दंतवेष्टात पू-रक्त येतं, दात हलू लागतात. म्हणजे आपला पायोरियाच म्हणा ना. पण तिथलं 'दंतमूल' म्हणजे हिरडी. आज दाताचं मूळ म्हटलं की जबड्याच्या हाडात रुतलेला भाग. दोन्ही एकाच परिच्छेदात आले की घोटाळा ठरलेला.

पेशींच्या नावांत फार संस्कृत नको. न्यूट्रोफिल तसंच ठेवा. आधी धावून येतात त्या याच. जंतू गिळतात आणि पटापट मरतात. पू म्हणतो त्यात बहुतेक यांचीच मढी असतात. मॅक्रोफेजला 'महाभक्षी पेशी' चांगलं वाटतं, कारण जंतूंबरोबर ही मढीही त्याच गिळतात. दुखणं जुनं झालं की लिम्फोसाइट आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी तळ ठोकतात.

लेखात 'जंतूंनी हाड खाल्लं' असं वाक्य असेल तर ते मात्र खोडा. हाड झिजवतात त्या शरीराच्याच ऑस्टिओक्लास्ट पेशी, आणि त्यांना कामाला लावणारे संदेश शोथात जमलेल्या पेशींकडूनच येतात. तेव्हा वाक्य असं करता येईल: 'मुळाभोवतीच्या शोथामुळे तिथलं हाड झिजतं.' आणि 'मुळाशी पू धरलाय' हे बोलीतलं वाक्य झकास असलं, तरी खरोखर पू झाला असेल तिथेच वापरा.