शेतात सापडलेलं नाणं कुणाचं?

मागच्या अंकात जुन्या नाण्यांवर लेख आला आणि तेव्हापासून मेटल डिटेक्टर, गुप्तधन, शेतात निघालेली नाणी यावर इतके मेल आलेत की यावेळचा कॉलम पूर्ण त्यालाच दिलाय. वाचकांची नावं मुद्दाम छापत नाहीये, कारण अमक्याच्या रानात नाणी निघतात असं एकदा पसरलं की रात्री बॅटऱ्या आणि टिकाव घेऊन कोण कोण येईल सांगता येत नाही.

प्रश्न : आमची नेवासा तालुक्यात वडिलोपार्जित शेती आहे. नांगरताना कधीमधी तांब्याची जुनी नाणी निघतात. मी ऑनलाइन डिटेक्टर मागवलाय. आपल्याच रानात फिरवायला परवानगी कशाला? सातबाऱ्यावर माझ्यासोबत दोन चुलत्यांची नावं आहेत पण कसतो मी एकटाच.

भाऊ, कसता तुम्ही हे खरं, पण वाटप झालेलं नाही म्हणजे रान तिघांचं, आणि उद्या खरंच काही घबाड निघालं तर पहिलं भांडण घरातच होणार. त्यामुळे आधी चुलत्यांशी बोला आणि साध्या कागदावर लिहून ठेवा, डिटेक्टर कोण फिरवणार, कुठल्या गटात, आणि काही मिळालं तर वाटा कसा. अशा कराराला कायद्यातही किंमत आहे, ते पुढच्या उत्तरात सांगते. दुसऱ्याच्या बांधावर जायचं असेल तर मग लेखी परवानगीशिवाय पाऊलच टाकू नका, वाट्याने रान कसणाऱ्याचं "हो हो फिरवा की" पुरत नाही, मालकाचं हवं.

पण मला जास्त काळजी वेगळीच आहे. तुमच्या रानाचा तो भाग काळीचा आहे की पांढरीचा? तुमच्याकडे जुनी मंडळी धाब्याच्या घरांवर टाकायला जिथून माती आणायची ती पांढरी म्हणजे बहुतेक वेळा जुन्या वस्तीची जागा असते, शेकडो वर्षं घरं पडली, पुन्हा उठली, त्यांची ती माती. नेवाशाला प्रवरेकाठी १९५४ ते ५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं तेव्हा थेट अश्मयुगापासून सातवाहनांपर्यंत आणि त्याच्याही पुढचे थर एकाच जागी मिळाले. तुमचं रान त्यातलं नसेल, पण असल्या मुलखात पांढरीवर खड्डे घेऊ नका ही माझी हात जोडून विनंती. आणि जागा संरक्षित स्मारकात येत असेल तर सातबारा तुमच्या नावावर का असेना, परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे.

काळ्या रानात फिरवताय तर नांगराच्या तासाच्या खाली जाऊ नका. तेवढा थर दरवर्षी उलटापालटा होतोच, तिथलं सुटं नाणं उचललं तर फार काही बिघडत नाही. त्याच्याखालची माती मात्र जशी पडली तशीच असते, तिथे खापरं, राख, जळकी माती किंवा एकाला चिकटून दुसरं नाणं दिसलं की थांबायचं, मोबाइलवर फोटो काढायचे, लोकेशन सेव्ह करायचं, माती परत ओढायची आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, कसं ते पुढच्या उत्तरात आहे.

एवढं का म्हणते ते सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, सव्वातेरा हजारांच्या आसपास नाणी, सगळी क्षत्रप म्हणजे शक राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का परत मारलेला. नाणं हातात घेतलं की नहपानाचा चेहरा दिसतो आणि त्याच्या गालावर नाहीतर कपाळावर सातवाहनांचं चैत्याचं, म्हणजे कमानींच्या डोंगरासारखं, चिन्ह उमटलेलं, काहींवर तर खाली नुसतं नाक ओळखू येतं. गौतमीपुत्राने नहपानाचं राज्य घेतलं याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नाही. आता हीच नाणी दहा-वीस करून वेगवेगळ्या सोनारांकडे गेली असती तर? एकेका नाण्यावरून नऊ हजारांचा हिशेब कुणी मांडला असता? वाशीमकडच्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांची जी नाणी मिळाली त्यात तर पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावं निघाली. साठा एकत्र राहिला म्हणून हे कळलं.

प्रश्न : साताऱ्याकडचा आमचा जुना वाडा पाडताना भिंतीतून तांब्याचा गडवा निघाला, आत चांदीचे रुपये. काही राणीछाप आहेत, काहींवर फारसी अक्षरं. गवंड्याला दिसला आणि त्याने प्रामाणिकपणे आणून दिला. दीर म्हणतात बोभाटा नको, सोनाराकडे वितळवून टाकू. काय करावं?

ताई, वितळवू नका. आणि धुऊ पण नका.

आपल्याकडे यासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे, ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट म्हणतात तो, आणि तो अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंत सुद्धा आली, लपवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लवकरात लवकर लेखी कळवायचं. काय मिळालं, अंदाजे किंमत किती, कुठे मिळालं, कुठल्या तारखेला, एवढं लिहायचं. वस्तू सरकारी ट्रेझरीत जमा करायची नाहीतर मागतील तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात, चार ते सहा महिन्यांतली तारीख देतात, कुणाचा हक्क असेल तर त्याने यावं. कुणीच मूळ मालक निघाला नाही आणि निधी बेवारस ठरला तर सापडवणारा आणि जागेचा मालक यांच्यात आधी करार असेल तसं वाटप, करार नसेल तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश. हो, बरोबर वाचलंत, मोठा वाटा सापडवणाऱ्याचा. त्यामुळे तुमच्या गवंड्याचं नाव अर्जात आलंच पाहिजे, त्याला साडीचोळी आणि हजार रुपये देऊन वाटेला लावणं बरोबर नाही.

आता गडव्याकडे नीट बघा. त्यातलं सगळ्यात नवं नाणं कुठल्या सालचं आहे? राणीछाप रुपयावर साल असतं. तो गडवा त्या सालाच्या आधी पुरलेला असूच शकत नाही. समजा एखादं नाणं पंचम जॉर्जचं आणि १९३० नंतरचं निघालं, तर तो शंभर वर्षांच्या आत लपवलेला आहे, आणि मग तुमच्या आजेसासऱ्यांनी तो ठेवला हे दाखवता आलं तर घराण्याला दिवाणी कोर्टात मालकी सांगता येते. म्हणजे दीर जे वितळवायला निघालेत तो तुमच्याच हक्काचा पुरावा आहे. एक एक नाणं बाहेर काढून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, गडव्याचा, भिंतीतल्या त्या कोनाड्याचा पण घ्या, आणि वकिलाला दाखवून अर्ज करा. लपवलं आणि नंतर कळलं तर सापडवणाऱ्याचा वाटा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याला लपवायला मदत करणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंत होऊ शकते.

या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून खटकते. सरकारला निधी घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढं देऊन घेता येतो. नाण्याचं ऐतिहासिक मोल, बाजारातला भाव, काही नाही. गरीब माणसाला सातवाहनांचं शिशाचं नाणं मिळालं तर त्याला शिशाच्या भावाने पैसे, मग तो कळवेल कशाला? लोक लपवतात यात लोभ जेवढा आहे तेवढीच ही दीडशे वर्षांची जुनी तरतूदही आहे, ती बदलायलाच हवी.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. ऑफिसमधला मित्र शनिवारी डिटेक्टिंगला जातो, मलाही नाद लागलाय. भाड्याच्या घराच्या बॅकगार्डनमध्ये आणि मित्राच्या ओळखीच्या शेतात करू का? काही मिळालं तर पुण्याला बाबांकडे आणता येईल का?

तिकडे हा छंद रीतसर चालतो आणि कायदाही बराच शहाणा आहे. पण बॅकगार्डन तुमचं नाही, लँडलॉर्डचं आहे, त्याला विचारा. शेतासाठी जमीनमालकाची लेखी परवानगी घ्या, मित्राची ओळख म्हणजे परवानगी नव्हे, आणि वाट्याचं तेव्हाच लिहून घ्या. शेड्यूल्ड मॉन्युमेंट, म्हणजे तिकडचं संरक्षित स्मारक, असलेल्या जागेत डिटेक्टर न्यायचाच नाही.

एखादं सुटं नाणं सहसा ट्रेझर धरत नाहीत, ते जमीनमालकाचं, तो देईल तर तुमचं. पण ३०० वर्षांहून जुनी, निदान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन नाणी एकत्र मिळाली, किंवा हलक्या धातूची दहा मिळाली, तर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा साठ्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. तुमच्या भागातल्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, भेटलं की तो सगळं करून देतो, सुटं नाणंही त्याच्याकडे नोंदवा. म्युझियमने घेतलं तर बाजारभाव ठरवून बक्षीस मिळतं. २००९ मध्ये स्टॅफर्डशरला सोन्याचा मोठा साठा मिळाला, ३२ लाख ८५ हजार पौंड किंमत ठरली आणि सापडवणारा आणि शेतकरी दोघांना निम्मं निम्मं मिळालं. उलट २०१५ मध्ये लेम्स्टरजवळ (Leominster) दोघांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला, त्यांनी गुपचूप विकायला काढला आणि २०१९ मध्ये लांब मुदतीसाठी तुरुंगात गेले. सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज आहे, परत हाती आली तीसेक. त्यातल्या काही नाण्यांवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेत, वेसेक्स आणि मर्सिया या तेव्हाच्या इंग्लंडमधल्या दोन राज्यांचे राजे आल्फ्रेड आणि केओलवुल्फ यांची युती होती याचा तो पुरावा, आणि उरलेल्यांवर काय होतं ते आता कुणाला कळणार? जोगळटेंभी आठवा.

स्कॉटलंडला फिरायला गेलात तर तिथले नियम वेगळे, तिथे जुनं काहीही मिळालं तरी कळवावं लागतं. पुण्याला आणायचं तर आधी एक्स्पोर्ट लायसन्सची चौकशी करा. आणि उलट्या दिशेने, बाबांकडची शंभर वर्षांहून जुनी नाणी बॅगेत टाकून तिकडे नेऊ नका, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती ॲंटिक्विटी ठरतात आणि खासगी माणसाला बाहेर नेता येत नाहीत, गुन्हा शाबीत झाला तर किमान सहा महिने कैद आहे.

प्रश्न : आमच्या घरात गुप्तधन आहे असं एका महाराजांनी सांगितलंय. पायाळू माणूस आणि डिटेक्टर दोन्ही ते आणणार, अमावास्येला पूजा आहे, ५० हजार आगाऊ मागितलेत.

एक रुपया देऊ नका. पायाळू माणसाला जमिनीतलं दिसतं हे धादांत खोटं आहे, आणि हातात डिटेक्टर आहे म्हणून ते खरं होत नाही, जुन्या घराखाली खिळे, बिजागऱ्या, पत्र्याचे तुकडे एवढे असतात की मशीन वाजणारच, आणि ते वाजलं की घरातल्यांचा विश्वास बसतो. असल्या प्रकारात मुलाबाळांचे जीव गेलेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार स्पष्ट लिहिलेत, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. आजच पोलीस स्टेशनला जा, अमावास्येची वाट बघू नका, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला एकटं सोडू नका.

प्रश्न : कोकणातल्या आमच्या आवारात मशीन सारखं वाजतं, खणलं तर काहीच नाही. खराब आहे का?

मशीन ठीक असणार. जांभ्यात लोह भरपूर आणि घाटावरच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट, त्यामुळे जमीनच सिग्नल देते. आधी मोकळ्या जागी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल मशीनने सोडून द्यावा असं सेटिंग करा, सेन्सिटिव्हिटी कमी ठेवा, दोन्ही दिशांनी फिरवल्यावर एकाच ठिकाणी तोच आवाज आला तरच खुरपं लावा. रुपयाएवढं नाणं साध्या मशीनला वीतभर खोलीपर्यंत कळतं, त्याहून खोल शोधतो असं दुकानदार म्हणाला असेल तर सोडून द्या.

प्रश्न : परड्यात शिवराई मिळाली. चिंचेने घासून लख्ख केली. लाखाला जाईल असं यूट्यूबवर बघितलं.

आता आणखी घासू नका. तो हिरवट तपकिरी थर शेकडो वर्षांनी येतो आणि त्यानेच नाणं टिकतं, चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांनी थराबरोबर अक्षरंही जातात. पुढच्या वेळी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून माती मऊ झाली की मऊ ब्रशने काढा, बस.

एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसरीकडे "छत्रपति" तीच शिवराई. पण ती शिवाजी महाराजांनंतरही खूप काळ, पेशवाईतही पाडली जात होती, त्यामुळे दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन रेघा असलेल्या, शिवराया भरपूर मिळतात आणि लाखाबिखाचा भाव कुणी देत नाही. लाखाचं आमिष दाखवून आधी रजिस्ट्रेशन फी मागणाऱ्यांना बँकेचे डिटेल्स देऊ नका. अक्षरांची ठेवण आणि कडेचे ठिपके बघून कुठल्या काळातली ते जाणकार सांगतात, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे तिथे किंवा पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. जाताना नाण्यासोबत एक चिठ्ठी न्या, परड्यात नेमकी कुठे, किती खोल, कधी आणि शेजारी काय मिळालं. आणि ती एकटीच होती की आणखी आहेत, हे बघायला पूर्ण परडं खणायच्या आधी मला परत लिहा.