जागेच्या कागदावर जीएसटी अर्ज अडकला म्हणून रोखीकडे वळू नका

चौघांची भागीदारी, पंपाचे कंट्रोलर आणि त्यांचं सॉफ्टवेअर, काम मामांच्या घरातल्या खोलीत. मोठा ग्राहक जीएसटी क्रमांक मागतोय, पहिला अर्ज फेटाळला गेला आणि दुसऱ्यावरही जागेच्या कागदांबद्दल तीच नोटीस आली. तुमचं हे वाचून आमच्या युनिटची जुनी अडचण डोळ्यांपुढे आली. 'मग बिलाशिवायच करू' असं वाटणं साहजिक आहे, पण घाई करू नका. पॅन, बँक खातं वगैरे तुमचं झालेलंच असणार, म्हणून थेट नोटिशीकडे येतो.

जागा मालकीची नाही आणि भाड्याचीही नाही, नातेवाइकाची आहे, तर तीन कागद पुरतात: साध्या कागदावर मामांचं संमतीपत्र, त्यांचा ओळखीचा पुरावा आणि जागा त्यांची असल्याचा एकच पुरावा, म्हणजे ताजी मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाची १७ एप्रिल २०२५ ची सूचना (क्रमांक ०३/२०२५) हेच सांगते. भागीदारीसाठी भागीदारी करारपत्र पुरेसं आहे. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) किंवा दुकान नोंदणीचं प्रमाणपत्र मागू नये, हेही त्यात स्पष्ट आहे. 'या जागेत हे काम कसं होईल' अशा तर्काच्या शंका काढू नयेत, हेसुद्धा.

आमची सगळ्यात जास्त हानी याच ठिकाणी झाली. एका कार्यालयाने आधी वीजबिल मागितलं, मग त्यावरचं नाव अर्जदाराचं नाही म्हणून भाडेकरार मागितला. जिथे भाडंच नाही तिथे करार कुठून आणायचा? दरम्यान ग्राहकाने ऑर्डर नोंदणी असलेल्या दुसऱ्या पुरवठादाराला दिली. छोटा धंदा अनौपचारिक राहतो तो दरवेळी कर चुकवायला नाही, कित्येकदा तो अशा टेबलापाशी थकतो. हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

नोटिशीचं उत्तर आरईजी-०४ या फॉर्ममध्ये, नोटीस मिळाल्यापासून कामाच्या सात दिवसांत जायला हवं. 'कागद जोडले आहेत' एवढंच लिहू नका. नोटिशीतला प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली कोणता कागद, कितवं पान, ते लिहा. संमतीपत्रातला पत्ता, करपावतीवरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता अक्षरशः जुळू द्या. एकात 'फ्लॅट ३' आणि दुसऱ्यात 'सदनिका ३/अ' असेल तर नवी शंका आलीच म्हणून समजा. सूचनेचा क्रमांक आणि तारीखही उत्तरात घाला.

एक इशारा: अर्ज केंद्राकडे गेलाय की राज्याकडे, ते एआरएनवरून (अर्जाच्या संदर्भ क्रमांकावरून) आधी पाहा. ही सूचना केंद्रीय अधिकाऱ्यांसाठी आहे. राज्याच्या अधिकाऱ्यापुढे ती आधार म्हणून मांडता येते, बंधन म्हणून नाही. मी सीए नाही, तेव्हा उत्तर पाठवण्याआधी तुमच्या सीएला दाखवा.

नोंदणी होईपर्यंत ऑसिलोस्कोप, सोल्डरिंग स्टेशन अशी महागडी यंत्रं घेऊ नका. नोंदणीआधीच्या साठ्यातल्या कच्च्या मालावरचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करण्याची सोय) अटींसह मिळतं, यंत्रांवरचं मिळत नाही. कोणी कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची योजना) सुचवलं तर माझ्या मते नकोच. त्यात ग्राहकाला क्रेडिट देता येत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. तुमच्या मोठ्या ग्राहकाला तर क्रेडिटच हवंय. काम नसलेल्या महिन्याचं शून्य विवरणपत्रही वेळेत भरा, नाहीतर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागतं.

उद्यम नोंदणी ऑर्डर घेण्याआधी करा. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट आहे, पैसे मागणारी दिसेल ती दुसरी साइट. त्यात कामाचा कोड निवडताना डोळे उघडे ठेवा: कंट्रोलरसाठी २६ चा गट, सॉफ्टवेअरसाठी ६२ चा. घाईत ४६ किंवा ४७ चा व्यापाराचा गट टाकला की उशिरा पैसे देणाऱ्याविरुद्धचं संरक्षण हातचं जातं. हे संरक्षण मोठं आहे. माल स्वीकारल्यापासून, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे यायला हवेत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि दावा सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे नेता येतो. तो दावा टिकवायला माल पोचल्याची सही-शिक्क्याची पोच लागते, म्हणून प्रत्येक खेपेच्या डिलिव्हरी चलानावर स्वीकारल्याची तारीख ग्राहकाच्याच हाताने लिहून घ्या.