आजीच्या शुक्रवारच्या गाण्याबद्दल

मस्कत, गुरुवार रात्र

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो काकाने पाठवला. अक्षर सुधारलंय, फक्त 'विठ्ठल'मधला ठ अजून पोट धरून बसल्यासारखा दिसतो. तर तुझा प्रश्न. वर्गातल्या एकीने विचारलं, "तुम्ही मराठी ना, मग तुझी आजी शुक्रवारी दिवा लावताना कन्नड गाणं का म्हणते गे?" तुला उत्तर सुचलं नाही. आजीला विचारलंस तर ती म्हणाली, "माझी आई म्हणायची, मी म्हणते की." आणि आता तुला सुट्टीत बघायला-ऐकायला 'पक्कं मराठी' काय आहे त्याची यादी हवी आहे.

यादी नको. यादी केली की सुट्टीचा अभ्यास होतो. उद्या मला सुट्टी आहे, म्हणून आज निवांत बसून लिहितो.

आजी म्हणते ते 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा'. कन्नड संतकवी पुरंदरदासांचं, सोळाव्या शतकातलं. अर्थ तिने कधी सांगितला नसेल, कारण तो सगळ्यांना कळतोच असं तिला वाटतं. ताकातून लोणी वर येतं तशी, लक्ष्मी, तू ये. पैंजण वाजवत, पावलावर पाऊल टाकत ये. साखर-तुपाचे पाट वाहू देत, शुक्रवारच्या पूजेच्या वेळेला. म्हणून आजीचा शुक्रवार. आता उद्या शेवटचं कडवं कान देऊन ऐक. तिथे 'पुरंदर विठ्ठल' असं येतं. तुकोबा अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' लिहितात ना, तशी पुरंदरदासांची खूण 'पुरंदर विठ्ठल'. कन्नड गाणं संपता संपता कमरेवर हात ठेवून आपला विठोबाच उभा!

आणि इकडे ज्ञानदेव काय म्हणतात? 'कानडा हो विठ्ठलु करनाटकु.' कानडा म्हणजे न उमगणारा, करनाटकु म्हणजे नाटक करणारा, असाही अर्थ जाणकार लावतात. पण आपल्या बेळगाव भागातल्या माणसाच्या कानाला पहिला अर्थ दुसराच ऐकू येतो, कन्नड बोलणारा, कर्नाटकातला विठ्ठल, आणि तो मला तरी सोडवत नाही. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आशाबाईंनी तो गायलाय. रात्री दिवा मालवून ऐक. मग ग. दि. माडगूळकरांचं 'कानडा राजा पंढरीचा', सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी मिळून म्हटलेलं. १९७०च्या सिनेमातलं आहे, पण मी लहानपणी ते आपल्या गल्लीच्या भजनातच आधी ऐकलं. आपले टाळकरी चाल अर्ध्यात वाढवतात, तेव्हा मूळ ऐकून दचकू नकोस.

इथे माझ्या खोलीत विजापूरचा एक वेल्डर आहे. त्याने एकदा भीमसेन जोशींचं 'भाग्यदा लक्ष्मी' लावलं. मी उठून 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' लावलं. तो म्हणाला, "नम्मवरु", म्हणजे आमचे. मी म्हणालो, आमचे. अर्धा तास वाद. शेवटी तिसऱ्या खाटेवरचा केरळचा माणूस ओरडला, कुणाचेही असोत, आवाज कमी करा. भीमसेन गदगकडचे. लहान वयात गुरूच्या शोधात घर सोडून पळाले, कुठे कुठे हिंडले, आणि गुरू भेटला तो घराजवळच, कुंदगोळला: सवाई गंधर्व. पुढे राहिले पुण्यात आणि अभंग गायले ते असे, की पंढरीची वाट न चाललेल्या माणसालाही पाय दुखल्यासारखं वाटावं. त्यांच्यावर गुलजारांनी एक माहितीपट केलाय. बोलणं थोडं, गाणं भरपूर. तुला मध्ये कंटाळा येईल; आला तर उठ, चुरमुरे खा, परत ये.

पण माहितीपट एकच बघणार असशील तर कुमार गंधर्वांवरचा बघ, जब्बार पटेलांचा 'हंस अकेला'. कारण हा माणूस अगदी आपल्या दारातला. सांबऱ्याच्या पुढे सुळेभावी आहे ना, तिथे १९२४ साली जन्म. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. हे नाव मोठ्याने म्हणून बघ, घरात कुठली भाषा होती ते कळेल. क्षयाने फुप्फुस गेलं, हवापालट म्हणून १९४८च्या सुमारास देवासला गेले आणि काही वर्षं गाणंच बंद. खाटेवर पडून माळव्यातल्या बायकांची, फिरस्त्या जोग्यांची गाणी ऐकत राहिले. बरे झाले तेव्हा श्वास तोकडा पडायचा, तर त्या तोकड्या श्वासातूनच नवी गायकी काढली. मला हे फार मोठं वाटतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत असताना धुराने माझा खोकला महिनाभर हटला नव्हता, तेव्हा मी काय केलं? चिडचिड केली. तुझ्या आईला विचार.

कुमारांचं मराठी हवं असेल तर 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी'. वाणी जयराम सोबत आहेत. नाटकातलं पद.

नाटकाचं निघालं म्हणून सांगतो. मराठी रंगभूमीची सुरुवात १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'ने झाली, असं तुझ्या पुस्तकात येईल. भाव्यांनी आणि सांगलीच्या राजांनी आधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले होते, त्यातून ती कल्पना निघाली. त्याच १८४३ साली आपल्या जिल्ह्यात गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म. 'संगीत शाकुंतल' लिहिणारे ते. आपल्या गल्लीच्या गणपतीत मी पडदा ओढायला असायचो. पेटीवाले मास्तर घरी कन्नड बोलायचे, आणि शाकुंतलातलं 'पंचतुंड नररुंडमालधर' सुरू झालं की त्यांच्याइतकं चोख कुणी साथ करत नसे. त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही पक्के कोण? नाटकाच्या गाण्याची चव घ्यायला 'कट्यार काळजात घुसली' सिनेमा चालेल. मूळ नाटकातलं वसंतरावांचं गाणं त्याहून दसपट चांगलं, हे माझं मत. तुझा काका भांडेल.

सिनेमांचं थोडक्यात. 'एलिझाबेथ एकादशी' पहिला. पंढरपूरची पोरं, एक सायकल, घरावर कर्ज, आणि यात्रेची गर्दी. तुझ्याच वयाची आहेत. 'संत तुकाराम' १९३६चा, काळापांढरा, व्हेनिसच्या महोत्सवात नावाजलेला. तुकोबांपेक्षा त्यांच्या बायकोकडे बघ, ती विठोबाशी कशी भांडते ते. आजीला तो आवडेल. 'जोगवा' मात्र आत्ता नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या माणसांची गोष्ट आहे, दहावीनंतर आपण दोघं बसून बघू. तोवर त्यातलं 'जीव रंगला' ऐक. आणि तुझ्या त्या मैत्रिणीकडून एक कन्नड गाणं मागून घे: 'काडु कुदुरे ओडि बंदित्ता'. लिहिणारे चंद्रशेखर कंबार आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे. अर्थ तिला सांगू दे, तेवढीच ती खूश होईल.

तुझे आजोबा सीमाप्रश्नाच्या मोर्चात पुढे असत. घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे. मराठी शाळा, मराठी पाटी, मराठीतून कागद हे मागणं रास्तच आहे, आणि मीही ते मागतो. पण मोर्चाहून आल्यावर ते पाय धुऊन धारवाडची कन्नड आकाशवाणी लावायचे, आणि त्या वेळी कुणी स्टेशन बदललं तर त्याची खैर नसे.

मैत्रिणीला काय सांगायचं? सांग, आमची आजी पुरंदर विठ्ठलाच्या राणीला घरी बोलावते. त्या राणीला कन्नड येतं.

राहिलं एक. पुलंच्या आवाजातलं 'रावसाहेब' काकाच्या मोबाइलवर आहे. बेळगावची मराठी, कन्नड हेल काढून बोललेली, हसून पोट दुखेल आणि शेवटी डोळे भरतील. पण त्यात शिव्या आहेत. हेडफोन लाव, आणि आधी आजी स्वयंपाकघरात आहे का ते बघ. मी तुझ्यापेक्षा थोडा मोठा असताना आजोबांसोबत ऐकत होतो, तेव्हा ती दारात उभी होती. ओरडली नाही. म्हणाली, "थोडं मागं घे, मला नीट ऐकू आलं नाही."

तुझा
बाबा