एक्स-रे नॉर्मल असेल तर एमआरआय किंवा सोनोग्राफीत सुरुवातीचा आरए (रूमॅटॉइड आर्थरायटिस, सांधे सुजवणारा वात) कळतो का?

तुम्ही लिहिलंय की सकाळी बोटं आखडतात, एक्स-रे नॉर्मल आलाय, आता पुढचं स्कॅनिंग करू का. करा. पण ते "एक्स-रे नॉर्मल" वाचूनच डोकं फिरलं माझं, कारण त्यावरून आमच्या घरी महाभारत झालंय.

आम्ही कळव्याला. सकाळी माझ्या मुठी वळायच्या नाहीत, कणीक मळणं सोडाच, कुकरचं झाकण फिरवता यायचं नाही, तासभर असंच. पण नऊ-दहापर्यंत बोटं सैल व्हायची, लोकलमध्ये कडी धरून उभी राहायचे, त्यामुळे घरच्यांना सगळी नाटकं वाटायची. मोठ्या दिरांनी एक्स-रेची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून निकाल दिला, हाडं ठणठणीत आहेत, कॅल्शियम घे. फॅमिली डॉक्टर पण तेच म्हणाले, फक्त गोड बोलून.

अहो, एक्स-रेत हाड कुरतडलं गेलेलं दिसतं, आणि ते व्हायला महिने, कधी वर्षं लागतात! सुरुवातीला सूज असते सांध्याच्या आतल्या अस्तराला, ती त्यात धड दिसतच नाही. आणि हाड एकदा गेलं की गेलं.

शेवटी नौपाड्यात सोनोग्राफी केली, पॉवर डॉप्लरवाली. बोटांच्या मुळाशी थंडगार जेल, त्यावर छोटासा प्रोब, आणि करड्या पडद्यावर केशरी ठिपके लुकलुकायला लागले, म्हणजे सुजलेल्या अस्तरात रक्त जास्त खेळतंय. प्रिंट नेऊन भाऊजींच्या हातात दिली तर म्हणतात, मशीन काय, काहीही दाखवतं.

एमआरआय आणखी पुढचं दाखवतो, हाडाच्या आतली सूज. ती असेल तर तिथेच पुढे हाड कुरतडलं जायची शक्यता जास्त. पण महाग, आणि बऱ्याचदा शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणूनचं औषध, देतात, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. मी म्हणेन आधी सोनोग्राफी, तीही सांध्यांची रोज करणाऱ्याकडूनच, नाहीतर पैसे पाण्यात. एक्स-रे पुन्हा काढलाच तर पावलांचाही काढा, करंगळीच्या मुळाशी बरेचदा आधी दिसतं.

हां, एक राहिलं. धडधाकट माणसाच्या एमआरआयतही थोडीफार सूज दिसते, वय वाढलं की जास्तच, त्यामुळे नुसत्या स्कॅनवर आरएचा शिक्का मारू देऊ नका. किती सांधे सुजलेत, रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आरएच्या तपासण्या), ईएसआर-सीआरपी (अंगातली सूज सांगणाऱ्या), त्रास 6 आठवड्यांच्या वर आहे का, आरए ओळखायला डॉक्टर वापरतात त्या 2010 च्या निकषांत हे सगळं धरतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आरए असतो. आणि हे बघायला रूमॅटॉलॉजिस्टच, म्हणजे सांधेवाताचा डॉक्टरच हवा, हाडांचा डॉक्टर नको.

मेथोट्रेक्सेट लिहून दिलं तर घरचं कोणीतरी गुगल करून कॅन्सरची गोळी म्हणून घाबरवणारच, आमच्याकडे कोणी ते ओळखा. आरएसाठी ती कमी डोसमध्ये, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकूनही रोज नाही, आणि मधून मधून रक्त तपासायचं. भाऊजी अजूनही "वाताची गोळी" म्हणतात तिला. म्हणू देत.