सायलेन्सर बदलण्याआधी: जुन्या ट्रकच्या आवाजाबद्दल वाचकांचे प्रश्न

जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकांबद्दलची पत्रं बरीच साठली होती. त्यातली आवाजाबद्दलची या अंकात घेतली आहेत. अमेरिकेत ज्याला मफलर म्हणतात त्याला आम्ही खाली सायलेन्सरच म्हटलं आहे. मराठीत मफलर गळ्याभोवती असतो, गाडीखाली नाही.

प्रश्न: १९७० ची शेव्हरले सी-१० आहे. ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन, दोन्ही बाजूंचे पाइप पुढे एकत्र येतात आणि एकच सायलेन्सर आहे. खर्जातली गुरगुर हवी, पण शेजाऱ्यांची कटकट नको. कुठला सायलेन्सर घेऊ? — एडिसन, न्यू जर्सी

सायलेन्सर सगळ्यात शेवटी घ्या. गुरगुर इंजिनातच तयार होते, सायलेन्सर तिला फक्त छाटतो.

या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरं पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. विषम आकड्यांची सिलिंडरं डावीकडे, सम उजवीकडे. हे कागदावर मांडा: डावं, उजवं, उजवं, डावं, उजवं, डावं, डावं, उजवं. इंजिन फिरताना दर ९० अंशांनी एक ठोका देतं, पण एकट्या डाव्या पाइपात ते ठोके २७०, १८०, ९०, १८० अशा अंतरांनी येतात. पाचवं आणि सातवं सिलिंडर तर एकामागोमाग त्याच पाइपात ठोका देतं. चाल अशी लंगडी असते आणि कानाला जी गुरगुर वाटते ती हीच. तुमच्याकडे दोन्ही बाजू एका पाइपात मिसळतात, लंगडणं भरून निघतं आणि आवाज सपाट होतो. त्या एका पाइपावर कितीही महागडा सायलेन्सर लावा, आवाज मोठा होईल, गुरगुर येणार नाही. म्हणून आधी दोन स्वतंत्र पाइप.

पाइपाचा व्यास: इंजिन कंपनीतून आलं तसंच असेल तर सव्वादोन इंच पुरे. कॅम, कार्ब्युरेटर आणि हेडर (सिलिंडरांतला धूर पाइपात आणणाऱ्या नळ्या) बदलले असतील तर अडीच. तीन इंचांच्या मोहात पडू नका. साध्या इंजिनाला तेवढा पाइप दिला की आवाज रिकाम्या पिंपावर काठी मारल्यासारखा पोकळ येतो. पाइप मँड्रेलवर (आत दांडा घालून) वाकवून घ्या. साध्या यंत्रावर वाकवला की वळणाच्या आत चेपतो आणि अडीच इंचांचे पैसे देऊन वळणात दोन इंच मिळतात.

दोन पाइपांमध्ये एक आडवा जोड हवाच. आकार एचसारखा ठेवला तर आवाज खाली उतरतो, भारदस्त होतो. एक्ससारखा ठेवला तर दोन्ही बाजू जास्त मिसळतात आणि आवाज गुळगुळीत, थोडा चढा होतो. तुम्हाला खर्ज हवा, तेव्हा एच. तो कुठे जोडायचा याची जुनी युक्ती अशी: गिअरबॉक्सच्या मागच्या सरळ पाइपावर स्वस्तातला स्प्रे रंग मारा, गाडी दहा मिनिटं नीट दामटून आणा आणि रंग कुठे आधी जळतो ते पाहा. एच तिथे. जागा नसेल तर त्याच्या जितकं जवळ जमेल तितकं.

आता सायलेन्सर. आत पत्र्याचे कप्पे असलेला (फ्लोमास्टर ४० या जातीचा) बाहेर छान ऐकू येतो, आत मात्र डोकं उठवतो. ग्लासपॅक म्हणजे जाळीदार नळीभोवती काचेचा कापूस भरलेला डबा. बारा इंचांचा घेतला तर शेजारी नक्की बोलतील, चोवीस किंवा तीस इंचांचा बराच सुसह्य. पण कापूस जळून उडत जातो, म्हणून दोन वर्षांनी तो पहिल्या दिवसापेक्षा मोठा वाजतो. तिसरा टर्बो प्रकारचा, ज्यात धूर एसच्या वळणाने मागे-पुढे फिरून बाहेर पडतो. याचं मूळ साठच्या दशकातल्या टर्बोवाल्या शेव्हरले कॉर्व्हेअरच्या सायलेन्सरात आहे. टर्बोचार्जर नसला तरी नाव चिकटलं. तुमच्या वर्णनाला हाच लागू पडतो: लांब पोटाचा टर्बो, एच जोड आणि मागच्या ॲक्सलच्या पलीकडे निघणारे शेपटाचे पाइप.

फिटिंग करताना सी-१० ची एक अडचण आहे. मागे कॉइल स्प्रिंग आणि चेसिसपासून ॲक्सलपर्यंत जाणारे दोन लांब आर्म असतात. सायलेन्सरला खरी जागा आर्म आणि चेसिसच्या मध्येच मिळते. आधी सगळं टॅक मारून (वेल्डचे तात्पुरते ठिपके देऊन) जोडा. मग ॲक्सल जॅकने बंपस्टॉपपर्यंत (त्याची उडी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) वर उचला आणि पाइप कुठे टेकतो का ते पाहा. हा एक टप्पा गाळला की पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ठणठणाट. ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून निदान इंचभर अंतर ठेवा. पाइप लटकवणारे हँगर रबराचेच वापरा. लोखंडी पट्टीने चेसिसला पक्कं जखडलं तर केबिनचा ढोल होतो.

न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पाइप स्वस्त, पण वेल्डिंगपाशी मुलामा जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. ४०९ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा वरून तांबूस पडतो, तरी टिकतो. ३०४ प्रतीचा चकाकी सोडत नाही आणि खिसा रिकामा करतो. आमच्या मते ४०९ पुरे. एक गॅलन पेट्रोल जळलं की साधारण गॅलनभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद केलं तर ते सायलेन्सरच्या तळाशी साचतं आणि डबा आतून खातं. कंपनीने ठेवलं नसेल तर सर्वांत खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचं भोक पाडा.

प्रश्न: १९७२ च्या सी-१० ला कप्प्यांचे सायलेन्सर लावले, पाइप ॲक्सलच्या आधीच संपवले. गावात मजा येते, पण हायवेवर ताशी ६० मैलांना इतकं घुमतं की घरचे बसायला तयार नाहीत. गिअरबॉक्स तीन गिअरचा ऑटोमॅटिक. — फ्रिस्को, टेक्सास

घुमण्याचं गणित सोपं आहे. मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो ३.०७ आणि टायर २८ इंचांचे धरले, तर ६० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे २२०० फेरे घेतं. व्ही-८ दर फेऱ्याला चार ठोके देतं, म्हणजे सेकंदाला सुमारे १४७. दोन पाइपांत जोड नसेल तर त्याच्या निम्म्यावर, ७३ च्या आसपास, दुसरा सूरही उठतो. यातला एखादा केबिनच्या स्वतःच्या सुराशी जुळला की मागची काच आणि छप्पर वाजू लागतं. पिकअपची केबिन लहान, मागे सपाट मोठी काच, आणि तुमच्या पाइपांची तोंडं जवळजवळ त्या काचेखालीच.

तेव्हा पहिला उपाय: पाइप ॲक्सलवरून नेऊन मागच्या बंपरपर्यंत काढा. निम्म्याहून जास्त तक्रार इथेच मिटते. आणि हा फक्त कानाचा प्रश्न नाही. पिकअपच्या केबिनमागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिकडे ओढला जातो आणि फाटलेल्या रबरातून, जमिनीच्या भोकांतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिवाय १९७२ पर्यंतच्या या ट्रकांत पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आतच असते. जमिनीतली भोकं आणि दरवाज्यांची रबरं आधी बंद करा. आवाजही त्याच वाटेने येतो.

तरी घुमत राहिलं तर पाइपाच्या कडेला एक बंद तोंडाची नळी जोडतात. ती त्या सुराच्या लहरीच्या पाव लांबीची असली की आत जाऊन परत येणारा दाब नेमका उलटा पडतो आणि तेवढाच सूर मरतो. सायलेन्सरमागे धूर २०० अंश सेल्सिअस धरला तर त्यात आवाज सेकंदाला सुमारे ४३६ मीटर धावतो. ४३६ भागिले ४, भागिले १४७, म्हणजे ७४ सेंटिमीटर, साधारण २९ इंच. नळी मुख्य पाइपाच्याच व्यासाची घ्या, जागेप्रमाणे वाकवली तरी चालते. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप लावून घुमणारा सूर आधी मोजा. तो ७३ चा निघाला तर नळी दुप्पट लांब लागेल. तेव्हा आधी एच जोड टाकणं शहाणपणाचं. बंद नळीतला धूर मुख्य पाइपातल्यापेक्षा थंड असतो, म्हणून नळी दोन इंच लांब ठेवून टोपण आधी क्लॅम्पने बसवा, कापत कापत सूर मिळवा आणि मगच वेल्ड करा.

प्रश्न: १९७८ ची फोर्ड एफ-१००, ३०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन. याला आवाज म्हणून काही येऊ शकतो का? — ॲन आर्बर, मिशिगन

येतो, आणि आम्हाला विचाराल तर व्ही-८ पेक्षा वेगळा आणि देखणा येतो. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. एक पुढचं, एक मागचं, पुन्हा पुढचं. पुढच्या तिघांना एक पाइप आणि मागच्या तिघांना दुसरा दिला तर प्रत्येकात बरोबर २४० अंशांनी ठोका पडतो. चाल लंगडत नाही, पण धारदार, फाडल्यासारखा आवाज मिळतो. दोन इंची दोन पाइप आणि चोवीस इंची ग्लासपॅक, एवढं पुरे.

महागडे हेडर घेण्याआधी भंगारवाड्यात जा. १९८७ ते १९९६ च्या फ्युएल इंजेक्शनवाल्या ३०० इंजिनाला कंपनीचेच दोन तुकड्यांचे बिडाचे मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करून पाइपात सोडणारे भाग) होते आणि ते तुमच्या सिलिंडर हेडवर बसतात. हेडरचा पातळ पत्रा तडकतो, बीड तसं तडकत नाही.

मात्र एक गोची आहे. तुमच्या मूळ रचनेत कार्ब्युरेटरखालचा इनटेक (हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांत नेणारा भाग) एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर टेकून गरम होतो. मॅनिफोल्ड बदलले की ती ऊब गेली. मिशिगनच्या जानेवारीत गाडी सुरू होऊन एक्सलेटर दाबताच मान टाकेल, कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फही धरेल. इनटेकखाली रेडिएटरच्या पाण्याने गरम होणारी प्लेट बसवा, नाहीतर गाडी फक्त उन्हाळ्यात काढा.

प्रश्न: १९६९ ची सी-१०, ३५० इंजिन, जुने बिडाचे मॅनिफोल्ड, दोन पाइप. उजवा पाइप डाव्यापेक्षा मुका वाटतो. सायलेन्सर तुंबला असेल का? — सनीव्हेल, कॅलिफोर्निया

सायलेन्सर विकत घेऊ नका अजून. उजव्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी स्प्रिंग आणि वजन लावलेली एक झडप असते, हीट रायझर. इंजिन थंड असताना ती मिटते आणि धूर इनटेकखालून डावीकडे पाठवते, तापल्यावर उघडते. पन्नास वर्षांत ती गंजून मिटलेलीच अडकते. मग उजवी बाजू गुदमरते, इनटेक भाजून निघतो आणि उन्हाळ्यात कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं. इंजिन पूर्ण थंड असताना वजन बोटाने हलवा. हललं नाही तर शाफ्टवर गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा, हलक्या हातोडीने दोन्ही टोकांवर आळीपाळीने टकटक करा. कॅलिफोर्नियात उघडीच अडकवून ठेवली तरी गाडीची फारशी तक्रार येणार नाही.

थंड इंजिनावर टिक्-टिक् ऐकू येऊन गरम झाल्यावर थांबत असेल तर ती मॅनिफोल्डची गळती. लोखंड फुगून फट बुजते. मधले बोल्ट ३० फूट-पाउंड, कडेचे २०, गाडी दोन-तीनदा तापवून गार केल्यावर पुन्हा तपासा. आणि तुमच्या राज्यात ६००० पौंडांखालच्या गाड्यांना आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल आहे, हे दोन्ही पाइप बोलायला लागल्यावर लक्षात असू द्या.

प्रश्न: आजोबांचा फार्गो ट्रक आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीचा, पर्किन्सचं सहा सिलिंडरचं डिझेल. सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकला तर व्हिडिओत ऐकतो तसा व्ही-८ चा आवाज येईल का? — सातारा

नाही. सहा सिलिंडर दर १२० अंशांनी समान ठोके देतात. वर सांगितलेलं लंगडणं त्यात नाहीच. शिवाय डिझेलची खडखड मुख्यतः इंजिनाच्या अंगातून येते, शेपटातून नाही. सरळ पाइपाने फक्त गोंगाट वाढेल. सायलेन्सर हवाच, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो, आणि पुण्या-मुंबईत पोलिसांनी बुलेटचे बदललेले सायलेन्सर रोलरखाली घातलेले तुम्ही बातम्यांत पाहिलेच असतील.

गाडीचा मूळचा, घुमदार आवाज हवा असेल तर जुन्या डब्याच्या मापाचाच डबा करून घ्या, आत-बाहेरचे व्यास न बदलता. मॅनिफोल्डच्या फ्लँजचं (पाइप जोडण्याच्या कडेचं) गॅस्केट नवीन टाका, कारण अशा गाड्यांचा फटफट आवाज बहुतेक वेळा तिथूनच येतो. गॅस्केट टाकण्याआधी फ्लँजवर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का पाहा. दिसला तर फ्लँज वाकला आहे; लेथवाल्याकडे नेऊन तोंड सपाट करून घ्या, नाहीतर नवं गॅस्केट महिनाभरात उडेल.